थांबा, उतरेल!

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, असं केमिस्टच्या दुकानात लिहिलेलं असतं. मताला चिठ्ठी लागत नाही. त्यामुळे आमच्या डोंबिवलीत एखादवेळी औषध संपतं, मत संपत नाही. गुडघा बदलावा का, मोतीबिंदू कधी काढावा, लॅपटॉप कुठला घ्यावा, एआय आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाणार का, यातलं काहीही विचारा, आमच्या इमारतीत जिना चढता चढता चार मतं मिळतात. मत देणाऱ्याला त्या विषयातलं काही कळलंच पाहिजे, अशी अट सोसायटीच्या उपविधींत नाही.

मात्र नीट कान देऊन ऐकलं तर ही सगळी मतं मुळात एकच आहेत. विषय हृदयाचा असो की हार्ड डिस्कचा, शेवटी गाडी एकाच स्टेशनात येऊन थांबते. "घाई काय आहे? थांबा, उतरेल."

या मताचे आमच्याकडचे मठाधिपती म्हणजे नाना. उभी हयात बँकेच्या कर्जखात्यात गेली, त्यामुळे दुसऱ्याच्या घाईकडे संशयानं बघायची सवय लागलेली. त्यांचा हिशोब साधा आहे. वस्तूचा भाव उतरत असतो आणि एफडीवरचं व्याज चढत असतं. म्हणजे माणूस काहीही न घेता नुसता घरी बसला तरी दोन्हीकडून कमावतो. हा हिशोब त्यांनी मला इतक्यांदा समजावून सांगितलाय की साधा चार्जर घेतानासुद्धा आपण घरादारावर नांगर फिरवतोय असं वाटतं.

आणि खोटं कशाला बोला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत नाना वर्षानुवर्षं बरोबर ठरत आले. ३१ जुलै १९९५ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. म्हणजे कोणी आपल्याकडे उधारी मागायला फोन केला तर त्याचा खर्चही आपणच सोसायचा. नाना थांबले. २००३ साली इनकमिंग फुकट झालं, त्याच पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हँडसेट हातात पडायला लागला, तेव्हा नानांनी मोबाइल घेतला. पुढे आउटगोइंगही फुकटात जमा होईपर्यंत, म्हणजे २०१६पर्यंत, त्यावरून त्यांनी फक्त मिस्ड कॉल दिले.

पुढे इंटेल काढणाऱ्या गॉर्डन मूर यांनी १९६५ साली असं भाकीत केलं होतं की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५मध्ये त्यांनी ते 'दर दोन वर्षांनी' असं दुरुस्त केलं. जगानं त्यातून स्फूर्ती घेऊन चिपा बनवल्या, कंपन्या काढल्या. नानांनी त्यातून घेतलेला बोध असा, की आज घेतलेला कॉम्प्युटर दोन वर्षांनी निम्म्यात मिळणार आहे, सबब आज घेणारा गाढव.

मी एकदा त्यांना आयबीएमची गोष्ट सांगितली. १९५६ साली त्यांनी जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. मावायचं पाच एमबी, वजन टनभर आणि भाडं महिन्याला ३,२०० डॉलर. आज पाच एमबीत गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळवाला व्हिडिओसुद्धा धड मावत नाही. नाना खूश झाले. "बघ! घाई केली त्यांचं काय झालं?"

"नाना, त्यांनी तेव्हा घेतली म्हणून तर पुढे स्वस्त झाली."

"मग घेऊ देत की! पहिल्यांदा घेणारे कोणीतरी लागतातच. ते आहेत ना? आपण कशाला मध्ये गर्दी करायची?"

याला उत्तर नाही. जगातली सगळी तांत्रिक प्रगती ही आपल्याला पुढे स्वस्तात मिळावं म्हणून अमेरिकन माणसानं आधी केलेली उधळपट्टी आहे, अशी नानांची पक्की समजूत आहे. मानवी जनुकसंच पहिल्यांदा वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं आणि तीन अब्ज डॉलरच्या आसपास खर्च आला. आता एका माणसाचा जनुकसंच हजार डॉलरच्या आत वाचून मिळतो, हे कळल्यावर नानांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि पासबुकात नोंद करावी अशा आवाजात म्हणाले, "दोनशे नव्याण्णव कोटी नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार वाचले." ते रुपये नसून डॉलर आहेत असं मी म्हणालो तेव्हा तर त्यांना भरूनच आलं.

वैद्यकात थांबायचं म्हणजे जरा पंचाईत असते, कारण दुकान थांबतं, आजार थांबत नाही. पण तिथेही नानांना एक मोठा विजय मिळालाय. फेब्रुवारी २०१७मध्ये, व्हॅलेंटाइन डेच्या अगदी तोंडावर, सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणानं हृदयात घालायच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट लाखाच्या पुढे जायचा, तो २९,६०० रुपयांवर आला. साधा धातूचा ७,२६० वर. त्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याची पाळी आली. दीड लाखाच्या पुढे जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांना बसला. आमच्या बी विंगमधल्या एका गृहस्थांनी जानेवारीतच दोन स्टेंट घालून घेतले होते. पेपरातली बातमी वाचून त्यांच्या छातीत पुन्हा कळ आली. नाना समाचाराला गेले.

"महिना-दीड महिना दम धरायला हवा होता."

"अहो नाना, झटका रात्री दोन वाजता आला!"

"झटक्याचं सोडा, मी स्टेंटचं म्हणतोय."

आता भाव उतरला म्हणजे नानांचं समाधान व्हावं की नाही? नाही. इथे या मताचा दुसरा भाग सुरू होतो आणि तो पहिल्याहून भारी आहे. भाव उतरल्याबरोबर नाना म्हणाले, "एवढा कसा उतरला? आतून काहीतरी काढून घेतलं असणार." नानांच्या घरी काकू रक्तदाबाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणतात. तीच गोळी, तेच मिलिग्रॅम, पैसे निम्म्याहून कमी. नानांचा त्या गोळीवर काडीचा विश्वास नाही. "स्वस्त आहे, गुण उशिरा येत असेल," असं ते म्हणतात. महाग असताना घ्यायचं नाही कारण महाग आहे, स्वस्त झाल्यावर घ्यायचं नाही कारण स्वस्त आहे. या दोन्हींच्या मधला, नानांना पटेल असा एक भाव कुठेतरी असणार, पण भाव वरून खाली येताना तिथे कधी टेकला हे अजून कोणाला दिसलेलं नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव मी याच संदर्भात काढलं होतं. कोकणात लाल विंचू चावला की शंभरातली चाळीसएक माणसं दगावायची. घरचे मांत्रिकाला बोलवायचे आणि विष उतरायची वाट बघत बसायचे. बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं औषध त्यावर वापरलं, काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे सगळं अभिमानानं सांगितलं. नानांनी एकच प्रश्न विचारला, "गोळी केवढ्याला?" काही रुपयांना, मी म्हणालो. नानांचा चेहरा पडला. हीच गोळी स्वित्झर्लंडहून आली असती आणि पाच हजारांची असती, तर नानांनी ती घेतली नसती, पण तिच्याबद्दल आदर बाळगला असता.

सध्या इमारतीत चर्चा आहे ती वजन उतरवायच्या इंजेक्शनची. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना ते घ्यायचंय. मार्च २०२५मध्ये माऊंजारो भारतात आलं तेव्हा लहान डोसची कुपी साडेतीन हजारांना होती आणि टोचायचं दर आठवड्याला. आमच्या आजीच्या काळी पोरीची 'अन्नावरची वासना उडाली' की मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायचे. आता तीच वासना उडावी म्हणून महिन्याला चौदा हजार मोजायचे, हे आमच्या इमारतीतल्या ज्येष्ठ महिला मंडळाला झेपलेलं नाही. त्यात या घराण्यातल्या पहिल्या औषधाचा शोध गिला मॉन्स्टर नावाच्या अमेरिकेतल्या विषारी सरड्याच्या लाळेतून लागला, हे मी बोलून गेलो. मंडळात खळबळ माजली. "चातुर्मासात चालेल का?" असा एक प्रश्न आला. वहिनींना ज्यात रस होता ते औषध सरड्याचं नाही, माणसाच्याच आतड्यात तयार होणाऱ्या संप्रेरकाच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेलं आहे, हे सांगून मी सारवासारव केली, पण एकदा पाल म्हटल्यावर पंगत उठायची ती उठलीच.

नाना मात्र त्या सरड्यावर फिदा झाले. हा प्राणी शेपटीत चरबी साठवून ठेवतो आणि वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो, बाकी वेळ बिळात थांबून असतो. "शहाणा आहे," नाना म्हणाले. वहिनींना त्यांचा सल्ला ठरलेला होता. या जातीतल्या दुसऱ्या औषधाचं, सेमाग्लुटाइडचं, भारतातलं पेटंट मार्च २०२६मध्ये संपणार होतं, ही तारीख त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चांगली पाठ होती. "पेटंट संपलं की आपल्याच कंपन्या काढतील. थांबा, उतरेल." वहिनी म्हणाल्या, "भाव उतरेल हो नाना. पण तोवर माझं चढतंय त्याचं काय?"

नानांच्या सिद्धांताला पहिला तडा गेला तो २०२१मध्ये. जानेवारीत कोरोनाचं लसीकरण सुरू झालं, मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना लस खुली झाली, खासगी रुग्णालयात डोस २५० रुपयांना होता. खुर्च्या रिकाम्या होत्या. नाना म्हणाले, "दहा महिन्यांत लस होते का कुठे? आधी बाकीच्यांना घेऊ देत." जो माणूस स्वतः कधी घाई करत नाही, त्याला दुसऱ्यानं लवकर केलेली कुठलीही गोष्ट कच्ची वाटते. खरं तर यात लवकर असं फार थोडं होतं. परदेशात निघालेल्या लसींमागच्या एमआरएनएवर काम करणाऱ्या कातालिन कारिको यांना त्यांच्या विद्यापीठानं १९९५ साली खालच्या पदावर ढकललं होतं. ड्रू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा कळीचा शोधनिबंध आला २००५मध्ये आणि नोबेल मिळालं २०२३मध्ये. थांबण्याच्या बाबतीत बाई नानांच्या वरताण निघाल्या. फरक इतकाच, की त्या थांबलेल्या असताना काम करत होत्या.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि नानांना लस हवीशी झाली. तोवर सगळ्यांनाच हवीशी झाली होती. पहाटे पाचला केंद्राबाहेर रांग, टोकन संपलं म्हणून परत या, मोबाइलवर कोविनचा ओटीपी येईस्तोवर स्लॉट गायब. जूनमध्ये सरकारनं खासगीतल्या कोविशील्डची कमाल किंमत ठरवली ती ७८० रुपये. नानांनी ७८० मोजले. काकूंनी मार्चमध्येच मैत्रिणींबरोबर जाऊन २५०मध्ये काम उरकलं होतं आणि येताना भाजीही आणली होती. ५३० रुपयांचा हा फरक काकू अजून व्याजासकट वसूल करतात.

दुसरा तडा ताजा आहे आणि तो कॉम्प्युटरनं दिलाय.

इमारतीच्या तळमजल्यावर बंटीचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. नानांच्या कॉम्प्युटरवर त्याचा निम्मा उदरनिर्वाह चालतो. हा कॉम्प्युटर एकदा उघडलेला बघण्यासारखा असतो. कॅबिनेटची एक बाजू कायमची काढलेली, कारण आतला पंखा गेला आणि नाना बाहेरून टेबलफॅन लावतात. आत उदबत्तीची राख, देवघर त्याच खोलीत असल्यामुळे. सुरू केल्यावर तो तीन लांब शिट्ट्या मारतो आणि पडदा काळाच राहतो. मग बंटी रॅमची पट्टी काढतो, तिच्या सोनेरी कडा शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं घासतो, एक फुंकर मारतो आणि पट्टी 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवतो. कॉम्प्युटर सुरू होतो. पन्नास रुपये. ही विद्या कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, पण देशातले लाखो कॉम्प्युटर याच खोडरबरावर चालू आहेत आणि मला ती अँजिओप्लास्टीइतकीच थोर वाटते.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० ची सेवा संपली. बंटी आधी वर्षभर सांगत होता, "नाना, हा डबा अकरा घेणार नाही. टीपीएम नाही याच्यात, प्रोसेसर जुना. नवा घेऊन टाका." नाना म्हणाले, "अकरा कशाला? बारा येईल की." तारीख उलटली तेव्हा म्हणाले, "दिवाळीनंतर बघू. सेल संपला की भाव पडतात." दिवाळी झाली. नानांनी शेवटी बंटीला भाव काढायला सांगितला. बंटीनं कागदावर आकडे लिहिले आणि कागद पुढे न करता आधी नानांना बसायला खुर्ची दिली.

रॅमचा भाव उन्हाळ्यातल्या भावाच्या दुपटीच्या पुढे गेला होता.

"चूक आहे," नाना म्हणाले. रॅम महाग होते हे त्यांच्या शब्दकोशात नव्हतं. सोनं चढतं, जागा चढते, कांदा चढतो. रॅम उतरते. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. (रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पाटीवर डॉक्टर आणि पाटीखाली मदरबोर्ड, असा आमच्या इमारतीच्या चर्चेला शोभणारा पत्ता दुसरा नसेल.) तिथल्या दुकानदारानं कोटेशन दिलं आणि त्यावर पेनानं लिहिलं, 'भाव फक्त आजचा.' नाना त्या अक्षरांकडे बघत राहिले. असं त्यांनी याआधी फक्त सराफाकडे पाहिलं होतं.

परत आल्यावर बंटीनं चहा मागवून समजावलं. जगातली बहुतेक सगळी रॅम तीन कंपन्या बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांना लागणारी खास मेमरी बनवण्यात जास्त पैसा आहे, म्हणून कारखाने तिकडे वळले आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाटणीला उरलंसुरलं आलं. मायक्रॉननं तर डिसेंबरात जाहीरच करून टाकलं, की जवळजवळ तीस वर्षं चालवलेला क्रूशल हा किरकोळ विक्रीचा ब्रँड आपण बंद करतोय.

"म्हणजे माझी मेमरी ते लोक घेऊन गेले?"

"हो नाना."

"करतात काय तिचं?"

"परवा तुम्ही नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर चॅटजीपीटीकडून लिहून घेतलात ना? त्याला लागते."

"ते तर फुकट होतं!"

"तेच तर म्हणतोय मी," बंटी म्हणाला.

हा असा फटका पहिल्यांदाच बसला असंही नाही. २०११ साली थायलंडात पूर आला, तिथले कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. तेव्हाही नाना हार्ड डिस्कसाठी थांबलेले होते. "थायलंडच्या पुराचा डोंबिवलीशी संबंध काय? पूर यायचा तर उल्हासला यावा," असं त्यांनी तेव्हा ठणकावलं होतं. पण पूर ओसरतो. हे एआयचं पाणी कधी ओसरणार, हे बंटीलाही सांगता येईना.

तेव्हा नानांनी आपला मोर्चा एआयकडेच वळवला. "फुगा आहे. फुटेल. मग रॅम रस्त्यावर पडेल." नाना हे उगीच म्हणत नाहीत, त्यांचं एआयच्या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियावर बारीक लक्ष आहे. मुलगी न्यू जर्सीत असते. मे २०२३मध्ये त्या कंपनीचं बाजारमूल्य एक ट्रिलियन डॉलरला टेकलं तेव्हा मुलीनं विचारलं, "बाबा, थोडे शेअर घेऊ का?" नाना म्हणाले, "थांब, उतरेल." जानेवारी २०२५मध्ये चिनी डीपसीकनं स्वस्तातला एआय आणल्याची बातमी फुटली आणि एनव्हिडियाचे एका दिवसात सहाशे अब्ज डॉलरच्या आसपास उडाले. नानांनी न्यू जर्सीला फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. "म्हटलं नव्हतं मी?" मुलीनं झोपेतच विचारलं, "मग आता घेऊ?" नाना म्हणाले, "अजून उतरेल." ऑक्टोबरात तीच कंपनी पाच ट्रिलियनवर गेली. मुलगी आता त्या विषयावर बोलत नाही. जावई तर नानांशीच बोलत नाहीत.

आयटीतल्या नोकरीबद्दल नानांची मतं पुतण्यामुळे तयार झालीत. पुतण्या हिंजवडीत आहे. नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं तेव्हा नाना म्हणाले, "बरोबर आहे. आम्ही मार्च एंडिंगला रात्र रात्र बँकेत बसायचो." आतून काकू म्हणाल्या, "आणि एप्रिल ते फेब्रुवारी?" पुढे एल अँड टीचे सुब्रह्मण्यन नव्वद तासांवर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असं म्हणाले. त्यावर काकूंचं म्हणणं, नव्वद तास ही कल्पना निवृत्त माणसांनाही लागू करावी. निदान घर आवरता येईल.

पुतण्याच्या धाकट्या बहिणीला २०२२मध्ये कॉलेजातूनच ऑफर लेटर मिळालं होतं. पेढे वाटले. मग कंपनीची मेल आली, तुमची रुजू व्हायची तारीख लवकरच कळवू. लवकरच म्हणजे दीड वर्ष. त्या सुमाराला बऱ्याच पोरांना असं दोन-दोन वर्षं लटकवून ठेवलं होतं. आयटीतल्या नवख्याचा पगार तसाही मी ऐकतोय तेव्हापासून साडेतीन लाखांच्या आसपास ठाण मांडून बसलाय. मूरचा नियम त्याला शिवलेला नाही. नाना सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "कंपनी व्यवहारी दिसते." थांबलं की माणूससुद्धा स्वस्त पडतो, हे त्या कंपनीनं ओळखलं होतं, एवढाच त्यांचा निष्कर्ष. पुतणी तिथेच बसलेली होती. तिनं नानांचा वायफायचा पासवर्ड बदलला आणि गेली.

या सगळ्या काळात नानांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता.

संकष्टीला त्यांना दोन चंद्र दिसायला लागले. काकू म्हणाल्या, "दोन दिसले म्हणून मोदक दुप्पट मिळणार नाहीत. डॉक्टरकडे चला." नाना म्हणाले, "पिकू दे." हे मत त्यांच्या वडिलांचं, आणि त्या काळी ते चूक नव्हतं. पूर्वी मोठा छेद घेऊन अख्खं भिंग काढायचे, म्हणून ते पुरतं पिकेपर्यंत वाट बघायचे. चार्ल्स केलमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं दंतवैद्याचं दात साफ करायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र पाहिलं आणि त्याच तत्त्वावर १९६७ साली मोतीबिंदूचा भुगा करून तो बारीक छेदातून ओढून घ्यायची पद्धत काढली. आता उलट झालंय. जितका पिकेल तितका कडक होतो आणि फोडायला त्रास. डॉक्टर म्हणाले, "नाना, तो हापूस आहे का, अढीत घालून ठेवायला?"

मग समुपदेशनाच्या टेबलावर एक मुलगी प्लास्टिकचं आवरण घातलेला, डोळ्यात बसवायच्या लेन्सचा तक्ता घेऊन बसली. मोनोफोकल, टोरिक, मल्टिफोकल. देशी, विदेशी. प्रत्येकासमोर किंमत. नानांची छाती भरून आली, कारण हे सगळं त्यांना ओळखीचं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि कामाला लागले.

"वॉरंटी किती?"

"काका, आयुष्यभर टिकते."

"कोणाच्या?"

मुलीनं डॉक्टरांच्या केबिनकडे पाहिलं.

"बरं, जुनी लेन्स तुम्ही काढून घेताय. तिचं काय धरणार?"

"काका, ती... तिचा भुगा होतो."

मुलगी घाबरली असं वाटून मी मध्ये तोंड घातलं आणि हॅरॉल्ड रिडली यांची गोष्ट सांगितली. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, तुकडे घुसले तरी डोळा त्यांना सहन करतो, हे या इंग्रज डॉक्टरनं पाहिलं आणि १९४९मध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा बसवलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे १९४९चं मॉडेल आहे. मग एव्हाना बरंच उतरायला हवं होतं." आणि मुलीकडे वळून, "पुढच्या वर्षी याहून चांगली येईल ना?"

"येईल कदाचित."

"मग..."

काकूंनी पर्समधून चेकबुक काढलं आणि पेनाचं टोपण दातानं उघडलं.

"अहो, निदान विम्याला विचारू," नाना म्हणाले. त्यांनी आरोग्य विमाही असाच थांबून घेतला होता. २२ सप्टेंबर २०२५ला वैयक्तिक विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला, त्यानंतरच्या आठवड्यात. एजंटला फोन लावला. त्यानं अभिनंदन केलं, तब्येतीची चौकशी केली आणि मग सांगितलं, की पॉलिसीत मोतीबिंदूला दोन वर्षांचा वेटिंग पीरियड आहे. "थांबावं लागेल, सर."

नानांनी फोन खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना हे वाक्य त्यांच्याच तोंडावर कोणी ऐकवलेलं नव्हतं. काकूंनी तोवर मोनोफोकलवर बोट ठेवून सही केली होती.

ऑपरेशनला वीसएक मिनिटं लागली. नानांना तेही खटकलं, एवढ्या पैशांत निदान तासभर तरी ठेवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि संध्याकाळी काळा गॉगल लावून ते गॅलरीत बसले. घराच्या भिंतींना मळकट पिवळा नाही, पांढरा रंग आहे, हा शोध सकाळीच लागून गेला होता. आता समोरच्या इमारतीत कोण काय वाळत घालतं याची पाहणी चालली होती. मग खाली बंटीनं दुकानाबाहेर ठेवलेल्या फळ्याकडे नजर गेली. खडूनं लिहिलेले रॅमचे, एसएसडीचे आजचे भाव. पहिल्या मजल्यावरून एकेक अक्षर स्वच्छ.

नानांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. गॉगल वर करून पुन्हा पहिली वाचली.

"परवापेक्षा चढलाय!"

"मग दुसरा डोळा राहू द्यायचा का?" काकूंनी आतून विचारलं.

"वेडी आहेस का? बुधवारची तारीख घे. लेन्सवाल्यांना अजून कळलेलं नाही तोवर उरकून टाकू."